आठ मात्रांचा कणा : ‘नटरंग’च्या संगीतातील नृत्यप्रकारांच्या मिश्रणाचे विवेचन

१. विषय आणि व्याप्ती

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की आधी माधवनगर येते, मग बुधगाव आणि मग कवलापूर. मी माधवनगरचा. माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावरच्या कवलापूरने मराठी तमाशाला काळू-बाळू दिले. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातल्या भूमिकांनी त्यांना काळू-बाळू ही नावे दिली आणि लोक त्यांची खरी नावे विसरले. त्यांच्या आधीच्या पिढीतही शिवा-संभा कवलापूरकर ही जोडीच होती. याच सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावी, १८६६ साली पठ्ठे बापूराव जन्मले, आणि त्यांचे नाव पवळाबाईंच्या नावाशिवाय आजही कोणी घेत नाही. आपल्या भागात नाचगाण्याची परंपरा अशी जोडीजोडीने चालत आली आहे.

या लेखाचा विषय अशाच एका जोडीचे काम हा आहे. अजय आणि अतुल गोगावले या भावांनी ‘नटरंग’ या चित्रपटासाठी केलेला गाण्यांचा संच, त्यात एकत्र आलेले नृत्यप्रकार आणि ते एकत्र कसे आले याची रीत, एवढीच व्याप्ती मी घेतली आहे. रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. आनंद यादव यांची कादंबरी हा त्याचा आधार आणि गाणी लिहिली गुरू ठाकूर यांनी. चित्रपटाची गुणवत्ता किंवा अभिनय यांचा विचार येथे केलेला नाही.

प्रश्न असा मांडतो : उघड्या फडावर घडणारे नाचाचे संगीत स्टुडिओत आणले, त्याला नवी वाद्ये आणि नवे ध्वनितंत्र जोडले, तरी ते नाचाचे संगीत कशामुळे राहते? माझे उत्तर आधीच सांगतो. ते त्याच्या लयीच्या कण्यामुळे राहते. वाद्ये बदलली, गळे बदलले, शब्द बदलले तरी चालते. आघातांची जागा बदलली की पाय थांबतात. पुढचे विवेचन या विधानाच्या पडताळणीसाठी आहे.

२. काही संज्ञा

विवेचनात काही शब्द पुन्हा पुन्हा येतील. त्यांचा अर्थ आधी निश्चित करू.

फड : ढोलकीफडाचा तमाशा. त्याची बांधणी ठरलेली असते. सुरुवातीला ढोलकी-हलगीची सलामी, मग गण, मग कृष्ण, पेंद्या, मावशी यांची गवळण, नंतर बतावणी आणि लावण्या, आणि शेवटी वग.

ढोलकी : दोन तोंडांचे लाकडी वाद्य. उजव्या पुडीला शाई असते आणि ती टणक, चढ्या आवाजात बोलते. डावी पुडी घुमारा देते. लावणीत शब्दांच्या ओळीला उजवी पुडी उत्तर देते आणि पायाला डावी पुडी आधार देते.

हलगी : कड्यावर कातडे ताणलेले चपटे वाद्य. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताच्या बोटांत बारीक काडी. वाजवण्याआधी ती शेकावी लागते. हवेत ओल असली की कातडे सैल पडते आणि आवाज बसतो.

झील : मुख्य गायकाच्या ओळीची शेपटी धरून मागच्या साथीदारांनी उंच सुरात ओढलेली ओळ. तिच्याबरोबर तुणतुण्याची एकच तार अखंड वाजत असते.

कणा : मात्रांच्या एका आवर्तनात ठळक आघात जिथे पडतात त्या जागांची रचना. ही संज्ञा माझी आहे. ‘ताल’ या शब्दात मात्रा, टाळी, खाली असे पुष्कळ काही येते. मला त्यातला फक्त शरीराला जाणवणारा सांगाडा हवा आहे.

३. पहिला घटक : कणा

ज्या ठेक्यावर आपल्याकडची निम्मीअधिक नाचगाणी चालतात तो केरवा घेऊ. त्याच्या आठ मात्रा अशा :

धा गे ना ती न क धी न

आता हे बोल तोंडाने सावकाश म्हणा आणि टाळी फक्त ‘धा’, ‘ती’ आणि ‘धी’ या तीन बोलांवर द्या. म्हणजे पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. दोनचार आवर्तनांत लक्षात येईल की टाळ्यांमधले अंतर तीन, तीन आणि दोन असे पडते. ही दोनची आखूड जागा फार महत्त्वाची आहे. ती आवर्तनाला पुढे ढकलते. तिच्यामुळे पाय जमिनीवर टेकण्याआधीच उचलला जातो. सगळे आघात समान अंतरावर असते तर कवायत झाली असती. तीन-तीन-दोनमुळे ठुमका होतो.

हीच विभागणी जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. क्यूबाच्या संगीतात आठ भागांतल्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आघाताला त्रेसियो म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या ढोलांबरोबर ही लय कॅरिबियन बेटांवर पोचली आणि तिथल्या अनेक नाचांचा पाया झाली. २०१७ साली लुईस फोन्सी आणि डॅडी यँकी या दोघांचे ‘देस्पासितो’ हे स्पॅनिश गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्याच्या रेगेटॉन ठेक्यात खालचा ढोल संथ, समान चालतो आणि वरचा कडक आघात नेमका चौथ्या आणि सातव्या भागावर पडतो, म्हणजे आपल्या ‘ती’ आणि ‘धी’च्या जागी. आपल्या वरातींतून हे गाणे वाजले तेव्हा त्यातला एकही शब्द न कळता लोक नाचले. त्यामागचे कारण या दोन आघातांत आहे असे मला वाटते.

यावरून लावणी क्यूबाहून आली किंवा क्यूबाची लय इथून गेली असा निष्कर्ष काढायचा नाही. दोन्हीकडे उघड्या अंगणात, धुळीत, घोळक्याने नाचणारी माणसे होती. पावलांची गरज सारखी असेल तर उत्तरेही सारखी सापडू शकतात, एवढेच म्हणता येते.

‘नटरंग’मधल्या ‘वाजले की बारा’ आणि ‘अप्सरा आली’ या दोन लावण्या ऐका. दोन्ही बेला शेंडे यांच्या आवाजात आहेत. रात्रीचे बारा वाजले, आता घरी जाऊ द्या, ही विनवणी पहिल्या लावणीचा विषय. दुसरीत रूपवतीच्या आगमनाचा थाट आहे. दोन्हींचे भाव वेगळे, चालीची चढण वेगळी, पण कणा आठ मात्रांचाच आहे. ढोलकीला मधे मधे मोकळे सोडले आहे. तिचे तुकडे शब्दांच्या फटींत येतात, शब्दांवर चढत नाहीत. फडावरच्या कसलेल्या ढोलकीवाल्याची हीच शिस्त असते.

४. दुसरा घटक : वाद्यांची मांडणी

स्टुडिओत वाद्यांची संख्या वाढवणे सोपे असते. अवघड असते ते कोणी गप्प बसायचे हे ठरवणे. फडावर चार-पाचच वाद्ये असतात, आणि त्या टंचाईतून एक व्यवस्था तयार झालेली आहे. तुणतुणे एक सूर धरून ठेवते, मंजिरी मात्रा मोजते, हलगी कडक आघात देते, ढोलकी बोलते. प्रत्येकाची उंची वेगळी, त्यामुळे कोणी कोणाला झाकत नाही.

अजय-अतुल यांचे कौशल्य मला इथे दिसते. त्यांनी ही उंचीची वाटणी ओळखली आणि नवी वाद्ये उरलेल्या मोकळ्या जागेत बसवली. ‘खेळ मांडला’ हे अजय यांनी गायलेले गाणे देवाला घातलेली आर्त साद आहे. तिथे मागचा वाद्यवृंद भरीव होत जातो, कारण त्या गाण्यात पायाला काम नाही, छातीला आहे. लावण्यांत मात्र वाद्यवृंद मागे सरकतो आणि कातड्याची वाद्ये पुढे येतात. एकाच संचात हा फरक जाणीवपूर्वक केलेला आहे.

दोघांची आधीची वाटचाल पाहिली तर ही समज अचानक आलेली नाही हे कळते. वडिलांच्या बदलीच्या नोकरीमुळे त्यांचे बालपण पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांत गेले. संगीताचे रीतसर शिक्षण नव्हते. जत्रा, भजने, बँड आणि वराती यांतून कान तयार झाला. ‘जोगवा’ या चित्रपटात त्यांनी यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके चित्रपटसंगीतात आणले आणि त्या कामाला २००८ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला चौंडक्याचा तो गुंगवणारा आवाज नवा नाही. सौंदत्तीची वाट इथूनच जाते. नवे होते ते त्याला स्टुडिओत मिळालेले मानाचे स्थान.

५. तिसरा घटक : प्रकारांचा क्रम

हा संच म्हणजे सुटी गाणी नव्हेत. चित्रपटात गाणी कोणत्या क्रमाने येतात हे बाजूला ठेवून तमाशाच्या बांधणीत प्रत्येकाची जागा कोणती हे पाहिले तर पूर्ण आकृती उभी राहते. ‘नटरंग उभा’ या गाण्यात मृदंगाचे बोल आहेत, वंदनाचा भाव आहे. ते गणाच्या जागी बसते. ‘कशी मी जाऊ मथुरेच्या बाजारी’ ही सरळ गवळण आहे. मग दोन लावण्या. आणि ‘खेळ मांडला’मध्ये वगातल्या नायकाच्या शोकाचा क्षण. ज्याने कधी तमाशा पाहिला नाही अशा ऐकणाऱ्यालाही चार-पाच गाण्यांत फडाचा नकाशा मिळतो.

क्रमाचे महत्त्व किती, हे आपल्याच जिल्ह्यातल्या अण्णा भाऊ साठ्यांनी दाखवून दिले आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊंनी लोकनाट्य उभे केले तेव्हा गणातली गणपतीची स्तुती काढून मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन घातले. आशय मुळापासून बदलला, पण वंदनाची जागा ठेवली, आणि प्रेक्षकाला परके वाटले नाही. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड शृंगाराच्या जुन्या साच्यात संयुक्त महाराष्ट्राची वेदना सांगते. साचा टिकला म्हणून नवा आशय पोचला. अण्णा भाऊंनी शब्दांच्या बाबतीत जे केले तेच अजय-अतुल यांनी ध्वनीच्या बाबतीत केले, असे मी म्हणतो.

६. मिश्रणाचे तीन प्रकार

आता हे सारे एका वर्गीकरणात मांडता येईल. नाचाच्या संगीतात जुने-नवे एकत्र येते ते तीन रीतींनी.

पहिली रीत लेपाची. जुन्या गाण्यावर वरून नवा ठोका चढवायचा. वरातीतले पुष्कळसे डीजे हेच करतात. जुन्या लावणीखाली सलग, समान अंतराचा ठोका घातला की ‘ती’ आणि ‘धी’ दबतात. लोक उड्या मारतात, पण कंबर हलत नाही. लेप धुतला की खाली मूळ गाणे जसेच्या तसे असते, म्हणजे मिश्रण झालेलेच नसते.

दुसरी रीत जोडाची. दोन परंपरा शेजारी ठेवायच्या आणि एकीतून दुसरीत जायचे. याच जोडीच्या ‘सैराट’ची काही गाणी या वर्गात येतात. २०१६ सालच्या या संचासाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला गेला. ‘याड लागलं’मध्ये आधी वाद्यवृंदाचे मोठे दालन उघडते आणि मग त्यातून सोलापूरकडच्या मातीतले शब्द चालत येतात. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत. सांधा दिसतो, आणि तो दिसावा अशीच योजना आहे, कारण त्या गाण्यात गावातला मुलगा स्वतःच्या भावनेच्या आकारानेच चकित झालेला आहे. त्याच संचातले ‘झिंगाट’ मात्र पायासाठीच बांधलेले आहे. त्याला दालन नाही, थेट अंगण आहे.

तिसरी रीत मुरवणीची. लोणच्यात मीठ, मोहरी आणि फोड वेगळी काढता येत नाही तशी. ‘नटरंग’च्या लावण्या या वर्गातल्या आहेत. त्यांत ध्वनिमुद्रणाची सफाई आहे, ठोक्याला नव्या काळाचे वजन आहे, चालीला चित्रपटगीताचा आटोपशीरपणा आहे, आणि तरी कुठून लावणी संपली आणि कुठून सिनेमा सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. तीन रीतींत ही सर्वांत कठीण. तिला दोन्ही परंपरा कानात मुरलेल्या लागतात.

७. कसोटी

वर्गीकरण झाले, पण एखादे गाणे कोणत्या वर्गातले हे ठरवायचे कसे? त्यासाठी मी एक कसोटी सुचवतो. तिला हलगीची कसोटी म्हणू. ध्वनिमुद्रित गाणे चालू असताना गावातला हलगीवाला तयारीशिवाय त्यात शिरू शकतो का, आणि शिरल्यावर त्याला स्वतःचे काही बोलायला जागा मिळते का?

ही कसोटी मला माधवनगरात एका लग्नाच्या वरातीत सुचली. गाडीवर स्पीकर होता आणि पुढे हलगी-घुमक्याचा ताफाही सांगितलेला होता. संध्याकाळी पाऊस शिंपडून गेला होता. हलगीवाल्याने रस्त्याच्या कडेला रद्दी कागद पेटवले, हलगी जाळावर उलटी-सुलटी फिरवली, मधेच अंगठ्याच्या नखाने कातडे टिचकवून पाहिले, पुन्हा फिरवली. टण्ण असा आवाज आल्यावर ती खांद्याला अडकवली. तोवर स्पीकरवर एक नाचाचे गाणे सुरू होते. त्याने चार-सहा आवर्तने ऐकली, टिपरू उचलले, दोन आघात दिले आणि हात खाली घेतला. त्या सलग ठोक्यात त्याला करण्यासारखे काही नव्हते. पुढचे गाणे ‘वाजले की बारा’ लागले. तो ऐकण्यासाठी थांबलासुद्धा नाही. पहिल्याच आवर्तनात तो आत होता, आणि ध्रुवपद संपून कडवे सुरू होण्याआधीच्या फटीत त्याने असा एक तुकडा टाकला की नवऱ्यामुलाचा मामा फेटा सावरत मधोमध आला. स्टुडिओत कधीच बंद झालेल्या त्या गाण्यात एका माणसासाठी जागा शिल्लक होती. जे मुद्रण पूर्ण असूनही वादकासाठी अशी जागा ठेवते ते मुरलेले मिश्रण.

या कसोटीला आणखी एक आधार आहे. आपल्या भागात हलगी फक्त तमाशाची नाही. ती कुस्तीच्या फडात वाजते, लेझमीला वाजते. ‘नटरंग’चा नायक गुणा कागलकर पिळदार शरीराचा गडी आहे. राजाची भूमिका करायची म्हणून तो तमाशात येतो आणि नाच्या होतो. कुस्तीच्या फडातली हलगी आणि तमाशाच्या फडातली हलगी एकच, हे ज्याला माहीत आहे त्याला या गोष्टीचा मर्मभाग वाद्यातूनच कळतो. तोच आघात मल्लाला शड्डू ठोकायला लावतो आणि नाच्याच्या पायातले घुंगरू हलवतो. पुरुषपणा आणि बाईपणा यांच्या ज्या भिंती समाजाने घातल्या त्या हलगीने कधीच मानल्या नव्हत्या.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, स्टुडिओ लावणी गोठवतो. फडावर तीच लावणी प्रेक्षक पाहून लांबते, आखडते, एकाच ओळीवर दहा वेळा फिरते. मुद्रणात ती चार-पाच मिनिटांत कायमची बंद होते. हा आक्षेप बराचसा खरा आहे. मुद्रित लावणी म्हणजे अनेक शक्यतांमधली एक. ती पुरी लावणी समजली जाऊ लागली तर नुकसान होते. नव्या मुलींनी ‘अप्सरा आली’च्या हरकती जशाच्या तशा पाठ करून स्पर्धा जिंकाव्यात आणि अदाकारीत स्वतःचे काही घालू नये, ही परिस्थिती चांगली नाही. पण दोष मुद्रणाचा नाही, शिकवण्याचा आहे. मुद्रण नमुना म्हणून वापरावे, साचा म्हणून नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे संगीत ज्यांनी घडवले त्यांच्या वाट्याला काय आले? हलगी, ढोलकी, तुणतुणे ही मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी, गोपाळ अशा जातींतल्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मण तरुणाने तमाशा पत्करला, पठ्ठे बापूराव झाला आणि महार समाजातल्या पवळाबाईंबरोबर उभा राहिला, तेव्हा त्याच्या समाजाने त्याला बाहेर टाकले. आज तीच लावणी सभागृहात, शाळेच्या संमेलनात, दूरदर्शनवर सन्मानाने होते, याचा आनंद आहे. मात्र राहुट्या घेऊन हिंडणारे फड कमी होत गेले, आणि गाणे गाजले म्हणून फडाची तिकिटे खपली असे झाले नाही. हा हिशेब एका संगीतकार जोडीने चुकता करावा अशी अपेक्षा अन्यायाची आहे. तो आपल्या सगळ्यांवरचा आहे. ज्या गावात ‘वाजले की बारा’शिवाय वरात निघत नाही त्या गावाने यात्रेत तमाशाचा फड बोलावताना हात आखडू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

९. निष्कर्ष

विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. एक, नाचाच्या संगीताची ओळख त्याच्या कण्यात, म्हणजे आघातांच्या जागांत असते, आणि तीन-तीन-दोनचा कणा केरव्याच्या बोलांतच लिहिलेला आहे. दोन, मिश्रण यशस्वी होते ते जुन्या व्यवस्थेतल्या मोकळ्या जागा ओळखून त्यांत नवे बसवल्याने. ‘नटरंग’च्या लावण्यांत ही ओळख पक्की आहे, म्हणून त्या मुरलेल्या वाटतात. तीन, अशा मिश्रणाची परीक्षा परंपरेतला चालता-बोलता वादकच घेऊ शकतो.

या तिसऱ्या निष्कर्षातून एक गरज निघते. हलगीची कसोटी टिकायची असेल तर हलगीवाला टिकला पाहिजे. कवलापूरच्या रस्त्यावर, कागदाच्या जाळावर कातडे शेकून नखाने टिचकवणारा माणूस उद्या नसेल, तर एखादे गाणे मुरले आहे की नुसते लेपले आहे हे सांगणारे कोणी उरणार नाही. माझ्या गावच्या मुलांनी ‘धा गे ना ती’ तोंडाने म्हणत तीन टाळ्या द्यायला शिकावे आणि मग त्यातल्या दोघा-तिघांनी तरी टिपरू हातात घ्यावे, यासाठी हे विवेचन लिहिले आहे.